मुंबई–लंडन : आकाशातल्या वाटेचा इतिहास

मुंबई आणि लंडन यांच्यामधले सर्वांत जवळचे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो कराची आणि बलुचिस्तानावरून इराणात शिरतो, अझरबैजान आणि काळ्या समुद्राचा पूर्व कोपरा ओलांडतो, युक्रेन व मध्य युरोपावरून जर्मनीत येतो आणि तिथून इंग्लंड गाठतो. सपाट नकाशावर पट्टीने ओढलेली रेघ याहून बरीच दक्षिणेला पडते, म्हणून ही वाट पाहणाऱ्याला आधी चुकीचीच वाटते. प्रत्यक्षात विमाने या दोऱ्यावरून फारशी कधी गेलीच नाहीत. कधी इंधन पुरत नव्हते, कधी रात्री उडता येत नव्हते, कधी खालच्या देशाची परवानगी नव्हती. दोन शहरांमधला वेळ आठवड्यांवरून तासांवर आला तो यंत्रांच्या वेगामुळे, हे खरे असले तरी अर्धेच खरे आहे. मधले थांबे किती आणि कोणाचे आकाश खुले, या दोन गोष्टींनीही तो वेळ तितकाच ठरवला.

विमानाआधी हा हिशेब समुद्रावर होत होता. आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपमार्गे लंडन–मुंबई अंतर सुमारे १९,८०० किलोमीटर पडे आणि शिडाच्या जहाजाला महिनेच्या महिने लागत. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि तेच अंतर सुमारे ११,६०० किलोमीटरवर आले. आगबोटीने हा प्रवास दोन-तीन आठवड्यांचा झाला. पुढची साठ वर्षे त्यात फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर १५ ऑगस्ट १९३१ रोजी ‘मुलतान’ बोटीने मुंबईहून निघाले आणि २९ ऑगस्टला लंडनला पोहोचले. त्याच २९ ऑगस्टला महात्मा गांधींनी ‘राजपुताना’ बोटीने मुंबई सोडली. ते मार्सेयला उतरले आणि पुढचा प्रवास जमिनीवरून करून १२ सप्टेंबरला लंडनमध्ये दाखल झाले. दोघांनाही चौदा दिवसच लागले. मार्सेयला उतरून रेल्वे धरली की स्पेनला घालावा लागणारा सागरी वळसा वाचे, म्हणून घाईच्या माणसांची आणि टपालाची ही नेहमीची वाट होती.

त्या वेळी लंडनहून हिंदुस्थानात विमान येऊ लागून दोन वर्षे झाली होती. ते मुंबईला मात्र येत नव्हते. ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडन–कराची सेवा सुरू केली. सात दिवसांचा हा प्रवास म्हणजे वाहने बदलण्याची मालिकाच होती. लंडनच्या क्रॉयडनहून विमानाने बाझल, तिथून रेल्वेने जिनोआ, जिनोआहून समुद्रावर उतरणाऱ्या उडत्या बोटीने इजिप्त आणि तिथून तीन इंजिनांच्या ‘हर्क्युलीस’ विमानाने कराची. भाडे होते १३० पौंड. मध्येच रेल्वे येण्याची कारणे दोन होती. आल्प्स पर्वतावरून त्या काळची विमाने नेणे धोक्याचे होते, शिवाय इटलीच्या हद्दीत हवेतून शिरण्याच्या परवानगीचा तंटाही मिटलेला नव्हता.

पुढच्या टप्प्यातही राजकारण होतेच. सुरुवातीला विमाने आखाताच्या इराणी किनाऱ्याने जात. इराणने ती सवलत फार काळ चालू ठेवली नाही आणि १९३२ मध्ये सगळा मार्ग पलीकडच्या अरबी किनाऱ्यावर हलवावा लागला. त्यासाठी शारजाला विमानतळ आणि किल्ल्यासारखे विश्रामगृह बांधले गेले. त्याआधी इराकच्या वाळवंटात दिशा चुकू नये म्हणून जमिनीवर नांगराने मैलोन्‌मैल चर काढलेला होता आणि वैमानिक तो पाहत विमान हाकीत. रात्री उड्डाण नसे. सात दिवसांतला प्रत्यक्ष उडण्याचा वेळ पाहिला तर तो थोडाच भरतो. बाकी वेळ रात्रीचे मुक्काम, इंधन भरणे आणि रेल्वे यांत जाई.

ब्रिटिश सरकारने याच मार्गासाठी दुसरी एक पैज लावली होती, ती हवाई जहाजांची. वायूच्या फुग्यावर तरंगणारे ‘आर-१०१’ हे अवाढव्य जहाज कराचीला जाण्यासाठी निघाले आणि ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळले. ४८ जण मेले, त्यांत हवाईमंत्री लॉर्ड थॉमसनही होते. हवाई जहाजांची कल्पना ब्रिटनने तिथेच सोडून दिली आणि विमानाला प्रतिस्पर्धी उरला नाही.

त्याच वर्षी हिंदी तरुणांनी ही वाट एकट्याने उडून पार केली. एकट्याने हिंदुस्थान–इंग्लंड उड्डाण करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकासाठी आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. अस्पींचे विमान स्पार्क प्लगअभावी अडले होते. टाटांनी आपल्याजवळचा सुटा प्लग त्यांना दिला आणि काही तासांच्या फरकाने बक्षीस अस्पींनी जिंकले. हेच अस्पी इंजिनिअर पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

कराची हे हवाई मार्गाचे दार ठरले होते, तर मुंबई आडबाजूला राहिली होती. लंडनहून हवेतून कराचीपर्यंत आलेले पत्र पुढे रेल्वेने मुंबईला येई, म्हणजे वाचवलेल्या वेळाचा एक वाटा शेवटच्या टप्प्यात परत खर्ची पडे. ही फट नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश हवाई दलातल्या माजी वैमानिकाने हेरली. त्याने टाटांपुढे योजना मांडली. सरकारकडे अनुदान मागून काही हाती लागले नाही. अखेर १९३२ मध्ये अनुदानाशिवाय करार झाला. १५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या ड्रिग रोड तळावरून एका इंजिनाचे ‘पस मॉथ’ विमान उडवले. अहमदाबादला बर्मा शेलचे पेट्रोल डब्यांतून, बैलगाडीवर लादून आले होते. दुपारी विमान जुहूला उतरले. तिथून व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. रेडिओ नव्हता, धावपट्टी म्हणावी अशी धावपट्टी नव्हती. जुहूचे ‘विमानतळ’ म्हणजे समुद्राकाठची सपाट चिखलट जमीन होती. लंडनशी मुंबईचा हवाई संबंध इथून सुरू झाला. पण तो पत्रांपुरता. माणसे अजून बोटीनेच जात होती. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले तेही १९३२ सालीच, आणि त्याच्या पहिल्या पिढीचे सभासद बहुतेक आगबोटीने गेलेले.

पावसाळ्यात जुहूची जमीन पाण्याखाली जाई. तेव्हा टाटांचा सगळा बारदाना, विमाने, सामान, माणसे, पुण्याला हलवला जाई आणि येरवड्याच्या मैदानावरून, तुरुंगाच्या शेजारून, टपाल उडे. पुण्याची निवड सोयीची होती. लोणावळ्यापासून मुळशी खोऱ्यातल्या माले गावापर्यंतचा घाटमाथा मोसमी पाऊस अडवून धरतो आणि पलीकडच्या पुण्यात त्याचा जोर खूपच कमी होतो. यात एक योगायोग आहे. टाटांच्याच वीज कंपनीने मुळशीला धरण बांधले होते, आणि त्याच्या विरोधात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह घडून जेमतेम दहा वर्षे झाली होती. ज्या पावसावर या धरणाचे भिऱ्याचे वीजघर चाले, तोच पाऊस दरवर्षी टाटांच्या विमानांना मुंबईतून उठवून घाटापलीकडे पाठवी. टाटांच्या हवाई टपालाचा इतिहास सांगताना जुहूचे नाव नेहमी येते. येरवड्याचे तितके येत नाही, पण चार महिने सेवा चालू ठेवली ती या मैदानाने.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस इम्पीरियल एअरवेजच्या मोठ्या उडत्या बोटी कराचीहून पुढे राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद, कलकत्ता अशा जलाशयांवर आणि नद्यांवर उतरत पूर्वेकडे जाऊ लागल्या. मुंबई या मुख्य वाटेवर तेव्हाही नव्हती. चित्र पालटले ते दोन घटनांनी. दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझला लष्करी विमानांसाठी पक्क्या धावपट्ट्या तयार झाल्या. त्याच काळात अमेरिकेत चार इंजिनांची, समुद्र ओलांडणारी आणि आतली हवा दाबाखाली ठेवणारी विमाने तयार झाली. दुसरी घटना फाळणीची. ऑगस्ट १९४७ मध्ये कराची पाकिस्तानात गेली आणि भारताच्या पश्चिमेच्या हवाई दाराचे काम मुंबईकडे आले. हे दार मुंबईने स्पर्धेत जिंकलेले नव्हते. ते तिच्या वाट्याला आले, असे म्हणणेच बरोबर ठरेल.

टाटा एअरलाइन्स १९४६ मध्ये ‘एअर इंडिया’ या नावाची सार्वजनिक कंपनी झाली होती. परदेशी सेवेसाठी मार्च १९४८ मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनल स्थापन झाली. तिच्यात केंद्र सरकारचा ४९ टक्के वाटा होता. लॉकहीड कंपनीची तीन ‘कॉन्स्टेलेशन’ विमाने घेण्यात आली. त्यांतल्या ‘मलबार प्रिन्सेस’ने ८ जून १९४८ च्या रात्री ३५ प्रवासी घेऊन मुंबई सोडली आणि कैरो व जिनिव्हा इथे थांबून १० जूनला लंडन गाठले. विमानाचे कप्तान के. आर. गझदर होते आणि प्रवाशांत स्वतः जे. आर. डी. टाटाही होते. लंडनला स्वागताला उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन आले. वाट सुमारे ५,००० मैलांची, म्हणजे ८,००० किलोमीटरची झाली. दोऱ्याच्या अंतरापेक्षा ती आठशे किलोमीटर लांब होती. पण कॉन्स्टेलेशनला मध्ये इंधन घ्यावेच लागे, आणि थांबा घ्यायचाच तर तो जिथे प्रवासी चढतात-उतरतात अशा शहरात घेणे शहाणपणाचे होते. काळ्या समुद्रावरची सरळ वाट तर सोव्हिएत संघाच्या हद्दीतून जात होती. तिचा विचार करण्याचेही कारण नव्हते. सात वर्षांपूर्वी याच प्रवासाला युद्धाने अडवलेले होते आणि सतरा वर्षांपूर्वी गोलमेज परिषदेच्या प्रतिनिधींना चौदा दिवस लागले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दोन रात्रींचे महत्त्व कळते.

जिनिव्हाच्या थांब्याची किंमतही मोजावी लागली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच ‘मलबार प्रिन्सेस’ जिनिव्हाला उतरण्यापूर्वी आल्प्समधल्या माँ ब्लां पर्वतावर आदळले. विमानातले सर्व ४८ जण मृत्युमुखी पडले. प्रवाशांत बहुसंख्य भारतीय खलाशी होते, परदेशी बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर कामाला निघालेले. जहाजाची माणसे जहाजाकडे विमानाने जाऊ लागली होती, इतका बदल दोन वर्षांत झाला होता. पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ मुंबईहून दिल्ली व बैरुतमार्गे जिनिव्हाला जाताना जवळजवळ त्याच जागी कोसळले. ११७ जण गेले, त्यांत अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा होते. या अपघाताभोवती नंतर बऱ्याच कहाण्या रचल्या गेल्या. चौकशीत समोर आले ते साधे आणि भयंकर होते. शिखर मागे पडले आहे की पुढे आहे, याबद्दल जिनिव्हाचा नियंत्रक आणि वैमानिक यांच्यात गैरसमज झाला आणि विमान वेळेआधी खाली आले.

दरम्यान पंख्यांची विमाने मागे पडत होती. ब्रिटिश कंपनी बीओएसीने ऑगस्ट १९५२ मध्ये ‘कॉमेट’ जेट विमानाने लंडन–कोलंबो सेवा सुरू केली आणि तिच्या वाटेवर मुंबई होती. कॉमेटने वेळ एकदम खाली आणला, पण मे १९५३ मध्ये एक कॉमेट कलकत्त्याजवळ कोसळले आणि १९५४ मध्ये आणखी दोन भूमध्य समुद्रात गेली. धातूचा थकवा हे कारण सापडेपर्यंत कॉमेट जमिनीवर बसून राहिले. टिकाऊ जेट आले ते बोइंग ७०७. एअर इंडिया १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरणाने सरकारी महामंडळ झाली होती आणि जे. आर. डी. टाटा तिचे अध्यक्ष राहिले होते. तिचे पहिले ७०७ फेब्रुवारी १९६० मध्ये हाती आले. वसंतात ते लंडनला जाऊ लागले आणि मे महिन्यात न्यूयॉर्कला. १९६२ पर्यंत एअर इंडियाच्या ताफ्यात केवळ जेट विमानेच उरली.

कॉन्स्टेलेशनचा वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास होता, ७०७ चा नऊशेच्या. इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. आज मुंबईहून लंडनला जाणारे बोइंग ७८७ किंवा एअरबस ए-३५० हेदेखील ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपासच जाते. १९६० नंतर विमानाचा वेग वाढला नाही. प्रवासाचा वेळ त्यानंतर कमी झाला तो मधले थांबे गळाल्यामुळे. बैरुत गेले, कैरो गेले, रोम गेले, जिनिव्हा गेले. एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७, ‘एम्परर अशोक’, एप्रिल १९७१ मध्ये मुंबईला आले आणि मेमध्ये लंडनच्या सेवेवर लागले. त्याच्या टाक्यांत लंडनपर्यंत विनाथांबा जाण्यापुरते इंधन मावे आणि पोटात साडेतीनशेच्या आसपास माणसे. तिकीट स्वस्त करण्याचे काम या दुसऱ्या गोष्टीने केले. नोकरदाराचा मुलगा शिकायला, डॉक्टर नोकरीला, आजी नातवंडांना भेटायला विमानाने जाऊ लागली ती या काळात. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून विलायतेला जाणाऱ्या प्रवासी बोटींचा धंदा तोवर संपत आलेला होता. १९६७ च्या युद्धानंतर सुएझ कालवा आठ वर्षे बंद राहिला, त्याने त्यावर शेवटचा घाव घातला.

वेग आणखी वाढवण्याचा एक प्रयत्न झाला. ध्वनीपेक्षा वेगवान ‘कॉन्कॉर्ड’साठी एअर इंडियानेही १९६० च्या दशकात दोन विमानांचे नाव नोंदवून ठेवले होते. ती कधी आली नाहीत. कॉन्कॉर्ड पल्ल्याला तोकडे, इंधनाला खादाड आणि जमिनीवरून जाताना कानठळ्या बसवणारे होते. म्हणून देश त्याला आपल्या आकाशात पूर्ण वेगाने जाऊ देत नसत, भारतही नाही. मुंबई–लंडन वाटेचा बहुतेक भाग जमिनीवरूनच जातो. समुद्रावर धावणारे विमान या वाटेला उपयोगाचे नव्हते, असा निष्कर्ष काढायला हरकत नाही.

शीतयुद्ध संपल्यावर दोऱ्याची सरळ वाट प्रथमच बऱ्यापैकी मोकळी झाली. कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन ही आकाशे पाश्चिमात्य आणि भारतीय विमानांना रोजच्या वापराची झाली. ती स्थिती कायम टिकली नाही. बालाकोटच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०१९ पासून जुलैपर्यंत पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाच्या आक्रमणानंतर युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मज्जाव केला, आणि जूनमधल्या इस्राएल–इराण युद्धात इराणचे आकाशही काही काळ मिटले. या बंदीचा फटका दिल्लीला जितका बसतो तितका मुंबईला बसत नाही. दिल्लीहून निघालेल्या विमानाला आधी दक्षिणेला खाली येऊन पाकिस्तानला वळसा घालावा लागतो. मुंबईचे विमान थेट अरबी समुद्रावर जाते आणि ओमान किंवा आखाताच्या बाजूने वर चढते. १९३२ मध्ये इम्पीरियल एअरवेजने इराणी किनारा सोडून अरबी किनारा धरला होता. नव्वद वर्षांनंतरच्या वैमानिकालाही अधूनमधून तीच निवड करावी लागते.

आज मुंबईहून लंडनला थेट जायला साडेनऊ ते दहा तास किंवा वळसा मोठा असेल तर थोडे अधिक लागतात. येताना वेळ कमी लागतो, साधारण नऊ तास. याचे कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे. ते हिवाळ्यात अधिक प्रबळ असतात, म्हणून जातानाचा आणि येतानाचा फरकही त्या दिवसांत वाढतो. वेळापत्रकात छापलेल्या वेळेत धावपट्टीपर्यंत सरपटणे आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या आकाशात घिरट्या घालत उतरण्याची वाट पाहणे हेही धरलेले असते. हीथ्रोची गर्दी जितकी वाढली, तितकी छापील वेळही लांबली. घड्याळाने मात्र प्रवाशाची सोय केली आहे. भारत ब्रिटनच्या हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास पुढे असल्यामुळे पहाटे मुंबई सोडणारा प्रवासी त्याच सकाळी लंडनला उतरतो.

लांब पल्ल्याच्या विमानांनी लंडनचे एक महत्त्व मात्र कमी केले. अमेरिकेला जाणाऱ्या भारतीयाला पूर्वी लंडनला थांबावे लागे. ऑगस्ट २००७ मध्ये एअर इंडियाने बोइंग ७७७ ने मुंबई–न्यूयॉर्क विनाथांबा सेवा सुरू केली. साडेबारा हजार किलोमीटर, सुमारे सोळा तास. लंडन आता तिथे काम असणाऱ्यांचे शहर झाले, वाटेवरचे राहिले नाही.

पुण्याचा भाग या साखळीत अजून अडलेलाच आहे. येरवड्याच्या मैदानाची जागा लोहगावने घेतली. लोहगाव हा हवाई दलाचा तळ असून तिथली धावपट्टी सुमारे २,५३५ मीटर लांब आहे. भरल्या टाक्यांचे मोठे विमान तिथून युरोपला झेपावू शकत नाही. लुफ्थान्साने २००८ मध्ये पुणे–फ्रँकफर्ट सेवा सुरू केली तीही लहान विमानाने, मोजक्या महागड्या जागांची, आणि ती पुढे बंद पडली. म्हणून पुणे शहर, मुळशीतले माले, पौड, हिंजवडी इथल्या लंडनच्या प्रवाशाला आधी घाट उतरून मुंबई गाठावी लागते. द्रुतगती महामार्गावर कोंडी असेल तर मुंबईचा सहार विमानतळ गाठायला चार-पाच तास सहज जातात, म्हणजे हवेतल्या वेळाच्या निम्मे. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ पनवेलच्या बाजूला, घाट उतरल्यावर जवळच आहे. लंडनची विमाने तिथून नियमित सुटू लागली, तर या प्रवाशांचा वाचणारा वेळ जमिनीवरचा असेल.